संपू नये असा ढीग

सोमवारी दुपारी आम्ही लांबचे म्हणून वेगळे काढलेले चष्मे मंगळवारी सकाळी जवळच्या चष्म्यांच्या गळ्यात गळे घालून बसले होते. मी दारातच थांबले. आधी वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. त्या महिन्यात मी इतकी दमले होते की एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला. त्यामुळे ‘काल आपण हे केलंच नव्हतं’ असं स्वतःला पटवणं मला जड गेलं नाही. पण हा प्रकार पहिल्यांदा होत नव्हता. केलेलं काम सकाळी येऊन बघावं तर उलटलेलं, आणि कोणी उलटलं ते कळायला मार्ग नाही.

आमचं केंद्र म्हणजे एका छापखान्याच्या वरची लांबट खोली. लोक आपले जुने चष्मे आम्हाला देतात. आम्ही ते साबणाच्या पाण्यात धुतो, वाकड्या काड्या सरळ करतो, यंत्रावर भिंगाचा नंबर मोजतो, नंबराची चिठ्ठी दोऱ्याने काडीला बांधतो आणि नंबराप्रमाणे ट्रे लावतो. मग डोळ्यांचं शिबिर असलं की आमचे डॉक्टर ते घेऊन जातात आणि ज्यांना चष्मा परवडत नाही त्यांना देतात. डॉक्टर संस्थेचे प्रमुख. ते दिवसभर त्यांच्या दवाखान्यात असतात आणि आमच्याकडे फक्त फोनवर असतात. पगार घेणारी मी एकटी. बाकी सगळे स्वयंसेवक.

पगारी माणसाचं बरं असतं. त्याला रागावता येतं. स्वयंसेवकाला काही बोललं की तो हसतो, ‘बरं’ म्हणतो आणि उद्यापासून त्याच्या पाठीत उसण भरते. मी जन्माची तापट. घरात माझ्या तोंडाला लागायला सगळे घाबरायचे. पण ह्या खोलीत मी साखरेच्या पाकात बोलायला शिकले होते. ‘काकू, तुम्ही किती छान बांधलंय, फक्त जरा उलटं बांधलंय.’ असं दिवसभर बोलून संध्याकाळी माझा जबडा दुखायचा.

माझे स्वयंसेवक चार. सर, म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, यंत्रावर बसायचे. एकेक भिंग तीनदा मोजायचे आणि तिन्ही वेळा तोच नंबर आला की शंका घ्यायचे. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे धुण्याचं काम, पण लक्ष मात्र बाकी सगळ्यांच्या कामाकडे. टेलरकाकूंनी दुकान मुलाच्या हवाली केलं होतं आणि हात रिकामे राहिले की त्यांना करमत नसे. त्या दोरे बांधायच्या. चौथे बाबा, माझे सासरे. ते काड्या सरळ करायचे.

बाबांना मीच आणलं. माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, दुसऱ्या बाईबरोबर संसार करायला दुसऱ्या शहरात निघून गेला, तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. घर त्यांचं, पगार माझा, आणि बोलणं कोणाचंच नाही. जेवलात का, जेवलो. दिवा बंद करू का, कर. माझा भाऊ दर रविवारी फोन करून म्हणायचा, आता तुझा त्या घराशी संबंध काय, इकडे निघून ये. पण म्हाताऱ्या माणसाला असं भिंतीपुढे टाकून जायचं कसं? म्हणून एक दिवस मी त्यांना उठवलं आणि म्हटलं, चला, जरा चार माणसांत बसा. ते आले. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी चपला घालून तयार होते. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. स्वयंसेवेमुळे माणूस उभा राहतो असं डॉक्टर भाषणात सांगायचे, ते मी आमच्याच घरात बघत होते.

तर हे एकत्र झालेले चष्मे.

मी आधी मांजरावर संशय घेतला. पण मांजर चिठ्ठ्या सोडवून डब्यात टाकत नाही. मग झाडायला येणाऱ्या बाईवर घेतला. ती म्हणाली, ‘ताई, मला एक खोली दोनदा झाडायचा कंटाळा, मी तुमचे चष्मे कशाला ढवळू?’ हे पटण्यासारखं होतं. खोलीच्या किल्ल्या सगळ्यांकडेच होत्या, कारण कोणी सकाळी लवकर यायचं, कोणी दुपारी उशिरापर्यंत थांबायचं, आणि फुकट राबणाऱ्या माणसाला जिन्यात ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी. पण कोण? आणि का? वैर असावं असं तर कोणी वागत नव्हतं. उलट सगळे इतके गोडीत होते की मला त्याचाही संशय यायला लागला.

दोरे बघितले तर गोंधळ आणखी वाढला. एका ट्रेमधले दोरे कात्रीने कापलेले. दुसऱ्यातले ओढून तोडलेले. तिसऱ्यातल्या गाठी नीट सोडवून दोरा पुन्हा रिळाला गुंडाळून ठेवलेला. एकच माणूस तीन तऱ्हांनी कसा वागेल? की त्याचाही माझ्यासारखा एकेक दिवस एकेक मूड असतो? मी ते तीन तऱ्हेचे दोरे टेबलावर मांडून बसले आणि काही म्हणजे काही सुचेना.

त्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला. शनिवारी शिबिर होतं. मागच्या शिबिराला आमच्याकडून निम्मेही चष्मे गेले नव्हते, लोक रांगेत उभे राहून हात हलवत परत गेले होते. ज्या ट्रस्टच्या पैशावर आमचं केंद्र चालतं त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं: ह्या वेळी साठा मोकळा झाला तर ते पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावांतून गोळा केलेली चष्म्यांची खोकी पाठवतील. नाही झाला तर केंद्राला कुलूप. ‘आणि कुलूप म्हणजे तुमचंही कुलूप, हे लक्षात ठेवा,’ डॉक्टर म्हणाले. ते वाईट मनाने म्हणाले नाहीत.

हे मी माझ्या चौघांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. शहाणपणा केला. मला वाटलं, कुलपाची भाषा केली तर ही माणसं बिथरतील. नव्या खोक्यांचं सांगावं तर एवढं काम बघून पळतील. समोरचा ढीग निम्मा झाला की त्यांचे चेहरे कसे होतात ते मी बघत होते. मला ते दमलेले वाटायचे. म्हणून मी पाकातल्या आवाजात एवढंच म्हटलं, ‘ह्या आठवड्यात जरा भरभर करू या हं.’ चौघांनी एकदम माना डोलावल्या. एकमेकांकडे कोणी बघितलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बुधवारी बाबा म्हणाले, तू पुढे हो, मी जरा चालून येतो. मी घरी गेले आणि लक्षात आलं की चार्जर केंद्रातच राहिला. परत आले. दार अर्धं उघडं होतं. आत बाबा बसले होते, मांडीवर ट्रे घेऊन. एकेका चष्म्याची गाठ ते नखाने सोडवत होते. चिठ्ठी डब्यात, चष्मा मधल्या ढिगात, दोरा बोटाला गुंडाळून रिळावर. घाई नाही, चोरटेपणा नाही. एवढं मन लावून काही करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आत जाऊन त्यांच्या पुढ्यातला ट्रे हिसकावून घ्यावा असं वाटलं. मी ह्या माणसासाठी भावाचं ऐकत नाही, आणि हा माणूस बसून माझी भाकरी हिसकावतोय! आणि त्याच क्षणी असंही वाटलं की असू दे, कुठेतरी त्यांचं मन रमतंय. राग आणि दया एकदम आली की माणसाने काय करावं हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी चार्जर न घेताच जिना उतरले.

घरी आल्यावर ते नेहमीसारखे जेवले. मी नेहमीसारखं वाढलं. रात्रभर मी एकच निष्कर्ष काढत राहिले: काम संपलं तर आपण पुन्हा भिंतीपुढे जाऊ, ह्या भीतीने ते हे करतात. बिचारे. गुरुवारी त्यांचा गुडघा सुजला होता. ते निमित्त मला बरंच झालं. मी त्यांना घरी ठेवलं, त्यांची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली, आणि केंद्रात जाऊन सगळ्यांकडून कसंबसं तीन चतुर्थांश काम उरकून घेतलं. आता शुक्रवारी थोडंच उरलं होतं. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी बाबांना घेऊन आले आणि दार उघडलं. टेबलाच्या मधोमध ढीग. ट्रे रिकामे. दोरे कात्रीने कापलेले, काही तोडलेले.

मी बाबांकडे बघितलं. बाबा ढिगाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याइतकंच आश्चर्य होतं, आणि त्यात थोडं, काय सांगू, समाधानही होतं.

सर, मॅडम, काकू एकापाठोपाठ आले. तिघंही आपापल्या जागी बसले. मॅडमनी बादलीत पाणी भरलं. काकूंनी रीळ घेतलं. जणू ढीग असाच असतो. मग मात्र माझा बांध फुटला.

‘कोण करतंय हे?’ मी ओरडले. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं, तरी माझाच आवाज मोठा होता. ‘मला आत्ताच्या आत्ता सांगा! उद्या शिबिर आहे. आज संध्याकाळी चष्मे गेले नाहीत तर केंद्राला कुलूप लागणार आहे. माझी नोकरी जाणार आहे!’

सरांनी यंत्रावरून डोळा वर घेतला.

‘अगं, पण चष्मे संपल्यावर कुलूप ना?’ मॅडम म्हणाल्या.

‘कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगायला कशाला पाहिजे? दाराबाहेरच्या पेटीत किती दिवसांत नवा चष्मा पडलेला नाही, दिसत नाही का आम्हाला? हा ढीग संपला की इथे करायला काय उरतं?’

‘पुढच्या महिन्यात नवीन खोकी येणार आहेत! हा संपला तरच येणार आहेत!’

‘मग हे आधी सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?’ टेलरकाकू म्हणाल्या. त्या आजवर माझ्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या.

‘एवढं काम बघून तुम्ही पळून जाल असं मला वाटलं!’

सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘तुमचं गणित चुकलंय.’

मग काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं की कात्री त्यांची. ‘पण मी माझ्यासाठी नाही केलं हो. ह्या सरांसाठी केलं. बायको गेल्यापासून एकटे राहतात. इथे आले नाहीत तर दिवसभर कोणाशी बोलतील?’

‘माझ्यासाठी?’ सर लालबुंद झाले. ‘मी दिवसाला दोन वर्तमानपत्रं वाचतो, बुद्धिबळ खेळतो, मला वेळ पुरत नाही! मी दोरे तोडले ते मॅडमसाठी. एवढ्या मोठ्या पदावर काम केलेली बाई. घरी कोण विचारतं त्यांना?’

‘मला कोण विचारतं?’ मॅडमनी ओला चष्मा बादलीत आपटला. ‘घरी माझ्यावाचून पान हलत नाही! दोन नातवंडं आणि एक नवरा, तिघांनाही स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी इथे येते तीच विश्रांती. आणि मी जे ढवळलं ते काकूंसाठी. त्यांचं सुनेशी पटत नाही, दिवसभर घरात बसल्या तर महाभारत होईल.’

‘कोण म्हणतं पटत नाही?’ काकू उभ्या राहिल्या.

म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याची दया येऊन माझं वाटोळं करत होता. आणि आता प्रत्येक जण दुसऱ्यावर चिडला होता, की माझी दया करायचा तुला अधिकार कोणी दिला? मला हसावं की रडावं कळेना. बाबा मात्र खाली बसून तुटलेले दोरे गोळा करत होते. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

‘भांडण संध्याकाळी,’ मी म्हटलं. ‘आता हात चालवा.’

त्या दिवशी आम्ही जेवायलाही उठलो नाही. सरांनी प्रत्येक भिंग एकदाच मोजलं. दर वेळी त्यांचा जीव खालीवर होत होता, पण त्यांनी मोजलं. मॅडमनी फक्त स्वतःच्या बादलीकडे बघितलं. काकूंची बोटं दिसत नव्हती. मी ओरडत होते. ‘तो मायनसचा ट्रे आहे, सर! मॅडम, पाणी गळतंय!’ मी दिवसभर ओरडले, मनसोक्त, घरी ओरडायची तशी, आणि एकही माणूस उठून गेला नाही. ज्यांना दोन वर्षं फुलासारखं जपलं, ती माणसं ओरडून घेत होती, उलट ओरडत होती आणि काम करत होती. इतकी साधी गोष्ट मला कोणी आधी का सांगितली नाही, ह्याचा मला वेगळाच राग आला.

ऊन कलताना डॉक्टरांचा ड्रायव्हर आला आणि खोकी घेऊन गेला. मूठभर चष्मे राहिले, त्यांची भिंगं तडकलेलीच होती. टेबल रिकामं झालं. कोणी ‘येतो’ म्हणेना. शेवटी काकू म्हणाल्या, ‘मॅडम, माझ्या सुनेबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं हो कोणी?’ आणि तिघं भांडत जिना उतरले. खालपर्यंत आवाज येत होता.

घरी आल्यावर मी चहा केला. बाबा आणि मी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसलो. मला त्यांची काळजी वाटत होती, म्हणून मी तो पाकातला आवाज काढला. ‘बाबा, मी तुम्हाला बुधवारी बघितलं होतं. मी रागावले नाही. पण आता घाबरू नका. नवीन खोकी येतील. तुम्हाला काम मिळत राहील.’

‘मला नकोय काम,’ बाबा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

‘त्या बाकावर माझी पाठ धरते,’ ते म्हणाले. ‘ते सर डोकं खातात. आणि ती बँकवाली बाई मला काडी कशी धरायची ते शिकवते. मला! मी जन्मभर हातानेच काम केलं.’

‘मग येता कशाला?’

‘तू नेतेस म्हणून.’

‘मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नेते!’

‘आणि तुला बरं वाटावं म्हणून मी येतो.’

एवढे शब्द आमच्या घरात कित्येक महिन्यांत बोलले गेले नव्हते. मला काही समजेनासं झालं. इतके दिवस मी ज्या माणसाला उभं केलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तो माणूस मला उभं ठेवायला रोज चपला घालत होता. ‘मग त्या गाठी का सोडवत होतात?’ मी विचारलं. ‘माझी नोकरी घालवायला?’

‘टिकवायला,’ ते म्हणाले. ‘ढीग संपला असता तर नोकरी गेली असती. असं मला वाटलं. मला काय माहीत तुमची खोकीबिकी.’ त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘नोकरी गेली की तू भावाकडे गेली असतीस. दर रविवारी तो बोलावतो. तू त्याला ‘बघते’ म्हणतेस. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. तू ‘बघते’ म्हटलंस की मला आठवडाभर झोप लागत नाही.’

मी त्या भिंतीकडे बघितलं.

‘पोरगा गेला तेव्हा मी काही बोललो नाही,’ बाबा म्हणाले. ‘त्याला जायचंच होतं. पण तू गेलीस तर मला ते सोसणार नाही. हे मी तुला म्हणू शकत नाही, तुझं माझं नातं आता काय उरलंय. म्हणून गाठी सोडवत होतो.’

‘मी नोकरीसाठी राहत नाही इथे, बाबा.’

‘मग कशासाठी राहतेस?’

मी उत्तर शोधलं. दयेने राहते म्हणावं, तर आज सकाळीच बघितलं होतं की दया म्हटलं की माणसं कशी भडकतात. नवऱ्यावरच्या रागाने राहते म्हणावं, तर तो राग कधीच विझला होता. सवय म्हणावं, कर्तव्य म्हणावं, पण तोंडाशी आणून बघितलं तर एकही शब्द खरा वाटेना. चार माणसांना मी महिनोन्महिने मनात विचारत होते की तुम्ही फुकट का येता, आणि माझ्यावर वेळ आली तर मला सांगता येत नव्हतं.

‘माहीत नाही,’ मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पुरलं की नाही, मला कळलं नाही. मग मीच फोन उचलला. रविवार नव्हता, त्यामुळे भाऊ घाबरला. काय झालं, बरी आहेस ना, असं विचारायला लागला.

‘दादा, मी येणार नाही तिकडे,’ मी म्हटलं.

‘का? काय झालं?’

‘माहीत नाही रे. पण येणार नाही. आता विचारू नकोस.’

बाबा उठले. त्यांनी माझा अर्धा भरलेला कप स्वतःच्या कपाबरोबर उचलला, मोरीपाशी नेला आणि माझ्याकडे पाठ करून नळ इतका मोठा सोडला की दादा पुढे काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही.